तालमीला जागा हवी

(अंकुशनगर येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही मोठा विद्वान नव्हे. उभी हयात शाळेत खडू धरण्यात गेली आणि सुटीच्या दिवसांत मुलांची नाटके बसविण्यात गेली. म्हणूनच की काय, चिटणीस साहेबांनी मला विषय दिला तो असा : एखादे जुने, बंद पडलेले थिएटर घेऊन त्याचे सर्वांच्या उपयोगाचे कलाकेंद्र करता येईल काय? करता येत असेल तर ते आपल्यासारख्या शिक्षण संस्थेने करावे काय?

हा प्रश्न हवेतला नाही. तालुक्याच्या गावी जा, मोठ्या बाजारपेठेच्या गावी जा, एक तरी बंद टॉकीज दिसते. कुठे कापसाचे गोदाम झाले आहे, कुठे पत्रे उडाले आहेत, कुठे तिकिटाच्या खिडकीत चिमण्यांनी घरटे केले आहे. एके काळी या इमारतीसमोर सायकलींच्या रांगा लागत. पुढे घरोघर दूरदर्शन आले, मग व्हिडिओ आला आणि आता तर खिशातल्या फोनमध्ये सिनेमा आला. टॉकीजवाल्याचे गणित बसेना, त्याने कुलूप लावले. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण चार भिंती, एक छप्पर, एक मोठा पडदा आणि गावाच्या मधोमध असलेली जागा, एवढी पुंजी गावात पडून आहे आणि आपली मुले मात्र गॅदरिंगच्या तालमीसाठी व्हरांडा शोधत फिरत आहेत, याचा विचार आपण करावयास हवा.

विषयाला हात घालण्यापूर्वी एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. तो शब्द आहे ‘तालीम’. आपल्या घरांत उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. हाच शब्द मराठीत आला आणि त्याला दोन घरे मिळाली. पहिलवान जिथे जोर-बैठका काढतो ती तालीम आणि नट जिथे आपले भाषण घोटतो तीही तालीम. शाळा, आखाडा आणि रंगभूमी या तिन्ही ठिकाणी माणूस एकच गोष्ट करीत असतो. चुकतो, पुन्हा करतो आणि कोणीतरी जाणता त्याला पाहत असतो. म्हणून एकच शब्द तिन्ही ठिकाणी पुरला.

या तिन्ही तालमी ज्याने एकाच शहरात उभ्या केल्या अशा एका राजाची आठवण मी आज करणार आहे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती 1902 साली विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी युरोपातील नाट्यगृहे आणि रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहिले. परत आल्यावर त्यांनी खासबागेत कुस्तीचे मैदान बांधले आणि त्याला लागूनच नाट्यगृह बांधले. नाट्यगृहाचे काम 1913 साली सुरू झाले आणि 1915 साली पुरे झाले. त्याचे नाव ठेवले पॅलेस थिएटर. आत मध्येच दृष्टी अडवील असा एकही खांब नव्हता. एका बाजूला नाटक, पाठीला पाठ लावून कुस्ती. आज आपण ‘बहुउद्देशीय’ हा मोठा शब्द वापरतो, पण शंभर वर्षांपूर्वी महाराजांनी ही गोष्ट दगडमातीत करून ठेविली होती.

आणि तिसरी तालीम? ती तर आपल्या जिव्हाळ्याची आहे. 1906 साली कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, मुसलमान विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग निघाले आणि त्या सोसायटीचे अध्यक्षपद खुद्द महाराजांनी स्वीकारले. कुराणे शरीफचा मराठी तर्जुमा व्हावा म्हणूनही त्यांनी खटपट केली. ज्यांच्या दरबारी उस्ताद अल्लादिया खाँसाहेब गात होते, ज्यांनी पहिलवानांना आश्रय दिला, त्यांनीच आपल्या मुलांना राहावयास छप्पर आणि शिकावयास पुस्तक दिले. हे सगळे एकाच कामाचे भाग आहेत, असे त्यांना वाटत असले पाहिजे.

पॅलेस थिएटरला 1957 साली संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. केशवराव गरिबीतून वर आलेले. लहानपणीच नाटक कंपनीत शिरले आणि 1908 साली त्यांनी स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. 1921 साली मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव यांनी एकत्र येऊन ‘मानापमान’चा प्रयोग केला, त्याची आठवण जुनी माणसे पुढे कित्येक वर्षे सांगत. त्याच वर्षी केशवराव वारले. वय अवघे एकतीस.

हे नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी कोल्हापूरची नाटकवाली माणसे, रंगपटात चहा देणारी माणसे, ज्यांनी जन्मात एकदाच शाळेच्या गॅदरिंगला तिथे पाऊल ठेवले होते अशीही माणसे त्या राखेसमोर उभी राहून रडली. सरकारने पुनर्बांधणीचे काम हाती घेतले. परंतु मी ही हकीकत सांगतो ती वेगळ्या कारणासाठी. सरकारी इमारत जळाली तर लोक हळहळतात, रडत नाहीत. तिथे मात्र लोक रडले, कारण त्या इमारतीत त्यांची स्वतःची तालीम झालेली होती.

आता मुंबईकडे वळू. गिरगावाजवळचे ऑपेरा हाऊस आपल्यापैकी काहींनी बाहेरून पाहिले असेल. 1911 साली बादशहा पाचवा जॉर्ज याच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा बांधकामही पुरे झाले नव्हते. नाव ऑपेराचे, पण मुंबईने त्याला आपल्या गरजेप्रमाणे वाकविले. तिथे मराठी संगीत नाटके झाली, पृथ्वीराज कपूर यांची नाटके झाली, बोलपटाचा जमाना आल्यावर ते सिनेमा थिएटर झाले. पुढे धंदा बसला आणि 1993 साली ते बंद पडले. ते बंद राहिले तेवीस वर्षे. गोंडलच्या राजघराण्याकडे त्याची मालकी. त्यांनी आभा नारायण लांबा या वास्तुतज्ज्ञ बाईंकडे काम सोपविले, नंतरच्या डागडुजीखाली दडलेले मूळचे काम शोधून काढण्यात आले आणि ऑक्टोबर 2016 मध्ये ते पुन्हा उघडले. 2017 साली युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. आता तिथे गाणे होते, नाटक होते, चित्रपट होतो, व्याख्यानही होते.

कोणी म्हणेल, गुरुजी, ती राजेरजवाड्यांची गोष्ट. आपण ऊस लावणारी, कारखान्यात पाळी करणारी, दुकान चालविणारी माणसे. बरोबर आहे. ऑपेरा हाऊसची नक्षी आपल्याला नको आणि परवडणारही नाही. पण त्यातला धडा घेता येतो. ती इमारत जुनी झाली म्हणून बंद पडली नाही, तिचा एकच उपयोग उरला आणि तो उपयोग संपला म्हणून बंद पडली. ज्या दिवशी तिला चार उपयोग मिळाले, त्या दिवशी ती पुन्हा उभी राहिली.

थोडा हिशेब मांडून पाहा. समजा, आपण एक हॉल मोठ्या खटपटीने उभा केला आणि त्यात वर्षाला वीस कार्यक्रम केले, दर कार्यक्रम चार तासांचा. झाले 80 तास. वर्षाचे तास असतात 8760. म्हणजे शंभरातला एक तासही तो हॉल वापरात नाही, बाकी सारा वेळ कुलूप. अशा इमारतीला वाळवी लागणार नाही तर काय होणार? म्हणून माझे म्हणणे असे की, कलाकेंद्राची पाटी लावण्याआधी त्याचे वेळापत्रक तयार करा. इमारत सिमेंटने टिकते त्याहून अधिक वेळापत्रकाने टिकते.

ते वेळापत्रक माझ्या मनात असे आहे. पहाटे फजरनंतर आणि रात्री जेवणानंतर अभ्यासिका. आपल्या वसाहतीत दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहतात. गळीत हंगामात वडील रात्रपाळी करून येतात आणि दिवसा झोपतात. दहावीच्या मुलाने पुस्तक उघडायचे कुठे? सिनेमाच्या थिएटरला बाहेर मोठा व्हरांडा असतो, जिथे पूर्वी लोक तिकिटे काढून खेळ सुटण्याची वाट पाहत. तिथे टेबले आणि दिवे लावले की अभ्यासिका झाली. दुपारी शाळा सुटल्यावर मुलींच्या तालमी, चित्रकला, सुलेखन, शिवण-भरतकाम. सायंकाळी मुलांचे. आठवड्यातून एक दिवस कार्यक्रम : नाटक, कव्वाली, मुशायरा, पोवाडा, विज्ञान प्रदर्शन, आरोग्याचे व्याख्यान, कधी चांगला चित्रपट. आणि ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुले हंगामाचे चार-पाच महिने या परिसरात असतात, त्यांच्यासाठीही एक वेळ राखून ठेवा. त्यांचे नाव कुठल्याच गॅदरिंगच्या यादीत नसते.

आता कारागिराच्या दोन गोष्टी सांगतो, कारण उत्साहात त्या विसरल्या जातात. सिनेमाचे थिएटर आणि नाटकाचे थिएटर एक नव्हे. सिनेमाच्या पडद्यामागे फार थोडी जागा असते. तिथे विंगा नसतात, रंगपट नसतो. नट आत-बाहेर करणार कुठून? म्हणून पुढच्या दोन-तीन रांगा काढून मंच पुढे घ्यावा लागतो. सिनेमाच्या हॉलच्या भिंती आवाज शोषून घेतील अशा केलेल्या असतात, कारण आवाज कर्ण्यातून येतो. उघड्या गळ्याचा गाणारा तिथे उभा राहिला तर त्याचा सूर विरून जातो. उलट, रिकाम्या गोदामात आवाज इतका घुमतो की एक वाक्य दुसऱ्यावर चढते. यावर सोपा उपाय म्हणजे जाड पडदे. बोलण्याच्या कार्यक्रमाला ते सोडावेत, गाण्याला बाजूस सारावेत.

दुसरी गोष्ट जमिनीची. सिनेमाची जमीन उतरती असते, त्यामुळे मागच्याला पुढच्याचे डोके आड येत नाही. परंतु उतरत्या जमिनीवर प्रदर्शन मांडता येत नाही की कवायत घेता येत नाही. तेव्हा मागचा भाग उतरता ठेवावा आणि मंचापुढचा भाग सपाट करून तिथे एकावर एक रचता येतील अशा खुर्च्या ठेवाव्यात. या कामात सुताराला आणि गवंड्याला आधी विचारा, पण छपराच्या कैच्या आणि भिंतींची ताकद मात्र इंजिनिअरकडून तपासून घेतल्याशिवाय एक वीटही हलवू नका. विजेची जुनी तार तर एकही ठेवू नका.

आगीविषयी मी कठोरपणे बोलणार आहे. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये खालच्या मजल्यावरील ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला. धूर वर बाल्कनीत शिरला. 59 माणसे मेली, त्यांत लहान मुले होती. बाल्कनीतली एक वाट जादा खुर्च्या टाकून बंद केलेली होती. चार तिकिटे जास्त खपावीत म्हणून! आपल्या केंद्रात बाहेर उघडणारे दरवाजे हवेत, ते कार्यक्रम चालू असताना कुलूपबंद नसावेत, वाटेत एकही खुर्ची नसावी आणि आग विझविण्याची साधने कशी चालवायची हे दहा मुलांना तरी शिकविलेले असावे. कोल्हापूरची राख पाहिल्यावर तरी हे सांगावयाची वेळ येऊ नये.

खर्चाचा प्रश्न निघेलच. भाडे, वर्गणी, देणगी, श्रमदान असे अनेक मार्ग आहेत. एक धोका मात्र आजच सांगून ठेवतो. हॉल तयार झाला की पहिली मागणी लग्नाची येईल. लग्नाचे भाडे चांगले मिळते, विजेचे बिल त्यातून भागते. द्यावा, जरूर द्यावा. पण किती दिवस द्यायचा याचा आकडा ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. नाही तर दोन लग्नसराया जातील आणि तिसऱ्या वर्षी आपल्या कलाकेंद्राचे मंगल कार्यालय झालेले असेल, आणि मुले पुन्हा व्हरांड्यात.

आता जो प्रश्न आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांच्या मनात आहे, पण सभेत कोणी उच्चारीत नाही, तो मीच उच्चारतो. नाच-गाण्याच्या जागेशी शिक्षण संस्थेचा काय संबंध? आपल्या मुलींनी तिथे जावे काय? हा प्रश्न विचारणाऱ्यांविषयी मला आदर आहे. त्यांना मुलांची काळजी आहे. या केंद्रात काय व्हावे आणि काय होऊ नये हे ठरविण्याचा अधिकार आपल्याच मंडळाचा राहील आणि त्या मंडळात आयाही असाव्यात. तमाशाच्या फडापासून सभेच्या व्यासपीठापर्यंत मराठीला आपल्या माणसांनी काय दिले हेही आपण विसरू नये. पेशवाईतले शाहीर सगनभाऊ मुसलमान होते. बार्शीचे शाहीर अमर शेख, ज्यांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा दुमदुमल्या, तेही आपल्याच घरातले. ते 1916 साली जन्मले आणि 1969 साली गेले. त्यांना कोणी परके म्हटले नाही.

पण युक्तिवादापेक्षा मी आपल्याला माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. माझी धाकटी बहीण शाळेत नाटकात काम करी. आम्हा भावंडांत अवघड उतारा एकदा वाचून पाठ होणारी ती एकटीच. आठवीत असताना तिने म्हाताऱ्या आजीचे काम केले, तेव्हा आमची खरी आजी पुढच्या रांगेत बसून म्हणाली, “ही माझी चाल कधी शिकली?” नववीत तिचे नाटक बंद झाले. घरात सर्वांना सांगितले गेले की मुलगी मोठी झाली, आता हे शोभत नाही. मीही तेच धरून बसलो होतो.

पुष्कळ वर्षांनी, वडील थकल्यावर, एकदा मी त्यांना विचारले, “अब्बा, तुम्हाला नाटक वाईट वाटत होते काय?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नाटक कसले वाईट? तालीम रात्री नऊला असायची. जागा गावाबाहेर, वाटेवर दिवा नाही. तिथे मुलींना जायला संडास नव्हता. मी रोज कुणाला सोबत पाठवणार होतो? हे चारचौघांत कसे सांगायचे? मग म्हटले, शोभत नाही.”

मित्रहो, ज्याला आम्ही जन्मभर रूढी समजत आलो, ते अर्धे तरी जागेचे, वेळेचे आणि एका दिव्याचे दुखणे होते. धर्माचे नाव त्याला उगाच लागले. दुपारी चार वाजता, घराजवळ, उजेडात, स्वच्छ संडास असलेल्या ठिकाणी तालीम असती, तर माझी बहीण कदाचित नटी झाली नसती, पण एखादी शिक्षिका, वकील किंवा सरपंच झाली असती, कारण चार माणसांसमोर उभे राहून बोलण्याचा धीर तिला तिथेच मिळत होता. ती आज नातवंडांत रमली आहे, सुखी आहे. पण टीव्हीवर नाटक लागले की ती पुढच्या माणसाचे वाक्य त्याच्या आधी बोलते. ते ऐकले की मला मान वर करवत नाही.

म्हणून पालकहो, आपणाला माझी विनंती एवढीच. थिएटर घेण्याचा ठराव करा अथवा करू नका, तो निर्णय मंडळाचा. पैसे जमतील तेव्हा जमतील. पण उद्यापासून एक काम बिनखर्चाचे होण्यासारखे आहे. आपल्या परिसरात जी कुठली जागा संध्याकाळी कुलूपबंद असते, शाळेचा वर्ग असो, वाचनालय असो की समाजमंदिर, तिची यादी करा. त्यातली एक जागा रोज दुपारी दोन तास उघडी राहील, दिवा लागेल, संडास स्वच्छ राहील आणि एखादी आई आळीपाळीने तिथे बसेल, एवढी व्यवस्था करा. सहा महिने हे चालविले तर आपणास आपोआप कळेल की मोठ्या थिएटरची गरज आहे की नाही, आणि असेल तर ते चालविणारी माणसे आपल्यात आहेत की नाहीत. ज्यांना दोन तास एक खोली चालविता येत नाही, त्यांनी चारशे खुर्च्यांचे थिएटर घेऊ नये. ज्यांना ती चालविता येते, त्यांनी घाबरू नये.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक सांगतो. जागा मिळाली की तिची झाडलोट तुम्ही करायची. ज्या फरशीवर आपण स्वतः झाडू फिरविला, त्या फरशीवर उभे राहून बोलताना पाय थरथरत नाहीत, हा माझा अनुभव आहे.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.